अठ्ठावन्न अंशांची भुताळी

“चढला! बघा, बघा, पुन्हा चढला!”

वेवजीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला खेटून असलेल्या करंजपाड्यात त्या मंगळवारी कोणीही कामाला गेले नव्हते. मोगऱ्याच्या कळ्या झाडांवरच फुलून चालल्या होत्या आणि त्या खुडणारे हात शीतगृहाच्या खिडकीपुढे जोडलेले होते. खिडकीच्या गजांना टांगलेल्या फलकावर वीतभर उंचीचे तांबडे आकडे पेटले होते. चव्वेचाळीस. मग एकोणपन्नास. मग चोपन्न. खिडकीच्या आत, संगणकापुढच्या स्टुलावर लाडकी बसली होती. आणि ती जसजशी बसून राहत होती, तसतसा तो आकडा वर सरकत होता.

अठ्ठावन्नावर आकडा थांबला, तेव्हा गर्दीतून एक लांब हुंकार उठला.

“आता बाहेर ये, लाडकीबेन,” तापहर महाराज म्हणाले.

महाराजांची स्वारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, निंबाच्या सावलीत विराजमान होती. अंगात भगवी कफनी, डोळ्यांना काळा चष्मा, हातात मोरपिसांचा झुबका. रविवारी ते उंबरगावच्या बाजूने आले, असे कोणी म्हणे. कोणी म्हणे, हिमालयातून. ताप माणसाचा असो, गुराचा असो की यंत्राचा, तो उतरवणे हे आपले जन्मकार्य आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते.

लाडकी बाहेर आली. बायांनी पदर सावरून तिला वाट दिली. ती वाट मानाची नव्हती, अंगाला अंग लागू नये म्हणून दिलेली होती.

“आता कोणी यंत्राला शिवायचं नाही! कोणी बोलायचं नाही! मी देवीला विनंती करतो.” महाराजांनी झुबका फिरवला. “ॐ ह्रीं क्लीं डिग्री डिग्री, उतर उतर, थंडं थंडं कुरु कुरु स्वाहा!”

ज्याने आयुष्यात एकदा तरी खरा मंत्र कानांनी ऐकला आहे, त्याला ते ऐकून शब्दांची दया आली असती. पण गर्दीचे डोळे फलकावर होते. अठ्ठावन्नाचे त्रेपन्न झाले. त्रेपन्नाचे सत्तेचाळीस. पाव तासात आकडा एक्केचाळीसवर येऊन निजला.

“जय हो!” गर्दी ओरडली.

हा खेळ सकाळपासून तिसऱ्यांदा झाला होता. लाडकी आत, आकडा वर. लाडकी बाहेर, आकडा खाली. आणि याहून मोठे नवल पुढेच होते. बचत गटाची अध्यक्ष रूपी आतल्या थंड खोलीत गेली आणि पेटीतल्या मूठभर कळ्या घेऊन आली. तिने त्या पत्र्यावर टाकल्या, तेव्हा त्या काचेच्या मण्यांसारख्या खणखणल्या. गोठून दगड झाल्या होत्या.

“बघितलं?” महाराज उभे राहिले. “आकड्यात आग, पेटीत बर्फ! उलटी करणी आहे ही. कोण करतं उलटी करणी? मी नाव घेत नाही. यंत्रानं नाव घेतलं आहे.”

यंत्राने घेतलेले नाव सगळ्यांना ऐकू आले होते. भुताळी. जिच्या नजरेने दूध नासते, जिच्या सावलीने पीक जळते, अशी बाई. हा शब्द एकदा अंगाला चिकटला, की तो धुऊन निघत नाही. त्या परिसरात या शब्दाने घरे उठवली आहेत, हे लाडकीला लहानपणापासून ठाऊक होते. तिच्या आईच्या आत्येला असेच एका रात्रीत पाडा सोडावा लागला होता.

“आज दिवस मावळायच्या आत ठरवा,” महाराज म्हणाले. “चार वाजता शेवटचा उतारा करतो. तिनं सगळ्यांसमोर कबूल व्हायचं आणि लेकीला घेऊन पाडा सोडायचा. तोवर तिला यंत्राच्या खोलीतच कोंडा, म्हणजे करणी बाहेर हिंडणार नाही. आणि नंतर जागा शुद्ध करायला मला एकवीस दिवस बसावं लागेल.”

“कुठं बसाल, महाराज?” रूपीने विचारले.

“आत. थंड खोलीत.” चैत्राच्या उन्हाने डबडबलेले कपाळ पुसत महाराज म्हणाले. “तप कठीण आहे, पण तुमच्यासाठी करीन.”

गावचा पोलीस पाटील लडक्या हा लाडकीचा चुलत सासरा. तो खाली मान घालून तंबाखू मळत होता. कोणाला भुताळी ठरवून हाकलणे हा गुन्हा आहे, हे तालुक्याच्या बैठकीत त्याला दोनदा सांगितले होते. पण बैठक तालुक्याला होती आणि दोनशे माणसे इथे होती.

“काका,” लाडकी म्हणाली, “तुम्हीपण?”

“डोळ्यांनी बघितलं ना, बाय,” तो पुटपुटला. “एकदा नाही, तीनदा बघितलं. डोळ्यांना काय सांगू?”

त्याने तिला आत पाठवले, दाराला बाहेरून कडी घातली आणि महाराजांनी खिडकीवर आपले उपरणे टाकले. उताऱ्यापर्यंत कोणाची दृष्टी नको, म्हणे.

*

खोली दहा पावलांची. एका भिंतीला संगणक, समोरच्या भिंतीत थंड खोलीचे जाड दार. त्या दारामागे कॉम्प्रेसरची घरघर चालू होती. शुक्रवारपासून ती एकदाही थांबली नव्हती. वर पत्रा तापत होता आणि पायाखालच्या फरशीतून गारवा चढत होता. डोके उन्हात आणि पाय बर्फात, अशी ती मध्ये उभी राहिली.

तीन वर्षांपूर्वी हे शीतगृह उभे राहिले, तेव्हा पाड्यात गोडधोड झाले होते. पहाटे खुडलेली कळी बाजाराची गाडी येईपर्यंत मिटलेली राहावी, एवढ्यासाठी ही सारी यातायात. कासा बाजूच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या उमेश सरांनी कचेरीतून बाद झालेला एक संगणक आणून त्याला तापमापक जोडला होता. थंड खोलीत काळ्या वायरीच्या टोकाला करंगळीएवढी पोलादी कांडी लोंबत असे. कांडी खोलीचे तापमान सांगे, संगणक ते फलकावर दाखवी आणि त्यावरून कॉम्प्रेसर चालू-बंद करी. पाच अंशांच्या वर गेले की चालू, तीनच्या खाली आले की बंद. हे सारे सांभाळायला बारावी झालेली आणि तलासरीला संगणकाचा वर्ग केलेली लाडकी नेमली गेली. तिचा नवरा नविन चिंचणीच्या बोटीवर खलाशी. तो समुद्रावर गेला की आठ-आठ दिवस घराची आणि सहा वर्षांच्या प्रगतीची काळजी तिच्या एकटीवर.

आणि आता तिच्यापुढे दोन दारे होती, दोन्ही बंद.

कारण तिच्याकडे एक गुपित होते. गुरुवारी संध्याकाळी पडद्यावर एक चौकट उगवली होती: संगणकाच्या कार्यप्रणालीचा नवा गाभा आला आहे, बसवू का? गाभा म्हणजे ज्याला सर ‘कर्नल’ म्हणत. यंत्राचे सगळे अवयव ओळखणारा आणि हलवणारा कारभारी. सरांनी कधीतरी सांगितले होते, “अपडेट आला की घेत जा.” तिने ‘हो’ दाबले. शुक्रवारी सकाळी यंत्र पुन्हा सुरू झाले, ते पाचाऐवजी त्रेचाळीस दाखवत. तेव्हापासून कॉम्प्रेसर थांबला नाही. तिने टेकडीवर चढून सरांना फोन लावला. आधी गुजरातेत स्वागत असल्याचा संदेश आला, मग ‘बंद आहे’. सर नाशिकला प्रशिक्षणाला गेले होते, मंगळवारी संध्याकाळी परतणार होते. तिने संदेश टाकून ठेवला आणि ‘हो’ दाबल्याचे कोणालाच सांगितले नाही. सांगावे, तर गोठलेल्या कळ्यांच्या बाराच्या बारा पेट्या तिच्या माथी. न सांगावे, तर भुताळी.

ती स्टुलावर बसली. पडद्याच्या कोपऱ्यात तोच आकडा होता. एक्केचाळीस.

दुःख असे, की बाहेरच्या दोनशे माणसांबरोबर आता तिच्याही मनाने बाजू बदलली होती. तीनदा झाले होते. तिने स्वतः पाहिले होते. आपल्या अंगात खरेच काही असेल तर? आईच्या आत्येकडून आलेले? तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले; कळ्या खुडून बोटांची टोके हिरवट झालेली, एवढेच. ती हात पुढे करून पडद्यासमोर बसून राहिली. एखाद्या आजाऱ्याने स्वतःचीच नाडी पाहावी, तशी.

एक्केचाळीस.

ती वाट पाहत राहिली. बाहेर महाराज कोणाला तरी चहात साखर कमी पडल्याचे सांगत होते. पाच मिनिटे गेली. दहा गेली. ती यंत्रापासून हातभर अंतरावर बसली होती आणि आकडा हलत नव्हता. एक्केचाळीस, चाळीस, पुन्हा एक्केचाळीस.

तिने हात खाली घेतले.

सकाळी तिन्ही वेळा मी नुसती बसले नव्हते, तिला आठवले. महाराज दर वेळी म्हणाले होते, “रोज करतेस तसं कर. नोंदीचं पान उघड. देवीपुढे आपलं काम दाखव.” तिने नोंदीचे पान उघडले. प्रत्येक पेटीचे छायाचित्र असलेले ते जड पान, त्या म्हाताऱ्या संगणकाला उघडताना धाप लागे. एकेक छायाचित्र उलगडू लागले आणि कोपऱ्यातला आकडा उठला. सेहेचाळीस. बावन्न. सत्तावन्न. तिने पान मिटले आणि हात मांडीवर ठेवले. आकडा हळूहळू उतरला.

म्हणजे तो तिच्या असण्याने चढत नव्हता. यंत्राच्या कामाने चढत होता. रविवारपासून खिडकीशी बसलेल्या महाराजांनी ते हेरले असावे.

तिने थंड खोलीचे जाड दार उघडले. गारव्याने दातांवर दात आपटले. पेट्यांवर पांढरी बुरशी चढावी तसे हिम चढले होते आणि त्यांच्या मधोमध ती पोलादी कांडी लोंबत होती. तिने कांडी मुठीत घेतली आणि दार उघडे ठेवून वळून पडद्याकडे पाहिले. कांडी इतकी गार होती, की तळहात भाजला. तिने सोडली नाही. मनात शंभर मोजले. उबदार मुठीत असलेल्या कांडीने काहीतरी सांगायला हवे होते. आकडा वर तरी जायला हवा होता, नाहीतर खाली तरी. आकडा एक्केचाळीसवर ढिम्म बसला होता.

“तू हिचा नाहीस,” ती आकड्याला मोठ्याने म्हणाली. “मग तू कोणाचा?”

तिने दार लावले आणि संगणकाच्या पाठीमागे हात नेला. जाळीतून गरम वाफारा येत होता.

टेबलाच्या खणात उमेश सरांची वही होती. सरांचे अक्षर वाईट, पण प्रत्येक आज्ञा त्यांनी क्रमाने लिहून ठेवली होती. त्यात एका पानावर होते: ‘फलकासाठी तापमान — खण क्रमांक १’. खण म्हणजे यंत्राच्या पोटातल्या एकेका तापमापकासाठी गाभ्याने आखून दिलेली जागा. प्रत्येक खणात तापमान असते आणि एका चिठ्ठीवर मालकाचे नावही असते. लाडकीने वहीतले एकेक अक्षर पाहून आज्ञा टंकली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा खण उघडला.

खण एक. चिठ्ठीवर नाव होते ‘कोअरटेम्प’. वहीत शोधले, समोर सरांनी लिहिले होते: ‘संगणकाच्या मेंदूची उष्णता. हा खण २ मध्ये असतो.’

आता तो एकमध्ये होता. तिने खण दोन उघडला. चिठ्ठीवर कांडीचे नाव. तापमान: उणे सहा.

लाडकी हसली. कोंडलेल्या खोलीत, एकटी, तोंडावर हात धरून हसली. कारण तिला सुकीआजी आठवली. गेल्या वर्षी पंचायतीने पाड्यातल्या घरांना नव्या नंबरांच्या पाट्या ठोकल्या. नवी बाळंतीण असलेले चौदा नंबरचे घर सतरा झाले आणि सुकीआजीचे सतरा नंबरचे घर चौदा. नर्सबाई जुनी यादी घेऊन आल्या, चौदा नंबरचे दार ठोठावले आणि बहात्तर वर्षांच्या सुकीआजीला विचारू लागल्या, “बाळ किती दिवसांचं झालं? दूध पितं ना?” पाडा आठ दिवस हसत होता. नर्सबाई खोटारड्या नव्हत्या, म्हातारी बाळंत झाली नव्हती. नंबर बदलले होते आणि यादी जुनी होती.

नव्या कारभाऱ्याने खणांचे नंबर बदलले होते. सरांची यादी जुनी होती. फलक थंड खोलीचे दार ठोठावतो आहे असे समजून संगणकाच्या मेंदूचे दार ठोठावत होता. मेंदूचे तापमान पाचाखाली कधीच येणार नव्हते, म्हणून कॉम्प्रेसर कधीच थांबणार नव्हता. आकड्यात आग आणि पेटीत बर्फ.

एकाच्या जागी दोन लिहायचे, बस्स. तिची बोटे कळफलकावर गेली आणि तिथेच थबकली.

आत्ता दुरुस्त केले, तर आकडा उतरेल. आणि आकडा उतरला, की बाहेर कोण नाचेल? उपरणे सारून महाराज म्हणतील, भुताळी कोंडली आणि ताप गेला. यंत्र बरे होईल आणि ती जन्माची बिघडेल.

तिने वही मिटली. फक्त एक केले: कळ्या आणखी गोठू नयेत म्हणून भिंतीवरचा कॉम्प्रेसरचा खटका खाली ओढला. चार दिवसांची घरघर थांबली. ती शांतता बाहेरही पोहोचली.

“ऐकलंत?” महाराजांचा आवाज आला. “घाबरली! भुताळीनं श्वास कोंडला!”

लाडकी स्टुलावर बसून चार वाजायची वाट पाहू लागली. दार अजून बंदच होते, आणि आता तर ते उघडण्याचीच तिला भीती होती. खरे कळणे ही एक गोष्ट. दोनशे माणसांनी ते ऐकून घेणे ही दुसरी.

*

चार वाजता उपरणे निघाले. गर्दी सकाळहून वाढली होती. महाराजांनी नारळ, लिंबे आणि कोळशाची शेगडी मांडली होती.

“बोल, लाडकीबेन. कबूल आहेस?”

“कबूल आहे,” लाडकी गजांमागून म्हणाली.

लडक्याच्या हातातली तंबाखू सांडली.

“गुरुवारी यंत्रानं नवा गाभा बसवू का विचारलं. मी ‘हो’ दाबलं, तुम्हाला सांगितलं नाही. त्यानं यंत्र चुकलं आणि कळ्या गोठल्या. ही चूक माझी. रूपीवहिनी, तुझ्या पेट्यांची मी गुन्हेगार. पण मी भुताळी नाही. ते दाखवायला मला पाव तास द्या, मग काय करायचं ते करा.”

“वेळ टाळते आहे!” महाराज गरजले. “शेगडी आणा!”

“थांबा,” रूपी पुढे आली. तिचे डोळे लाल होते. “बारा पेट्या माझ्या गेल्या, महाराज, तुमच्या नाही. पाव तास मी देते.” मग खिडकीकडे वळून ती कडाडली, “आणि लाडके, खोटं निघालं ना, तर पहिला दगड माझा.”

“चालेल, वहिनी. महाराज, आधी तुम्हाला विचारते. सकाळी तीनदा बसवलंत. तिन्ही वेळा ‘नोंदीचं पान उघड’ म्हणालात. ‘नुसती बस’ असं एकदाही का नाही म्हणालात?”

महाराजांचा झुबका हवेत थांबला. “ते... ते देवीपुढे काम दाखवायचं असतं.”

“आणि मंत्र म्हणताना ‘यंत्राला कोणी शिवू नका’ का?”

“शक्तीचा प्रवाह तुटतो!”

“बरं. काका, फलकाकडे बघा. मी नुसती बसते.”

ती बसली. एक्केचाळीस. लोक माना उंचावून पाहत राहिले. एक्केचाळीस. कोणीतरी जांभई दिली.

“आता मी उठते. दार उघडा आणि वहिनीला आत पाठवा. वहिनी, ते बटण दाब. हो, तेच.”

कडी निघाली. रूपीने एका बोटाने, विंचवाला डिवचावे तसे, बटण दाबले. छायाचित्रांचे पान उघडले. लाडकी तोवर अंगणात, गर्दीच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. आणि फलक बोलू लागला. सत्तेचाळीस. त्रेपन्न. अठ्ठावन्न.

“अगो बाय!” सुकीआजीने तोंडावर हात मारला. “ही रूपीपण भुताळी!”

“गप गं, म्हातारे!” आतून रूपी किंचाळली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा करंजपाडा हसला.

“आजी, तुझ्या घरी नर्सबाई बाळ बघायला आली होती ना?” लाडकीने विचारले.

“आली होती की मेली. मला विचारते, दूध पाजते का!”

“कशामुळे?”

“नंबर बदलले ना पाट्यांचे.”

“यंत्रातपण तेच झालं. आत दोन घरं आहेत. एक थंड खोलीचं, एक यंत्राच्या डोक्याचं. गुरुवारी पाट्या बदलल्या. हा फलक थंड खोलीचा ताप विचारतो आणि डोक्याचं घर उत्तर देतं. पळून आलं की आपलं अंग तापतं ना? तसं काम केलं की यंत्राचं डोकं तापतं. निजलं की निवतं. कोणाच्याही कामानं तापतं, आणि मंत्र नसला तरी निवतं.”

“शब्दांचे खेळ!” महाराज उभे राहिले. “मी आता मंत्र म्हणतो आणि ताप कायमचा उतरवतो. ॐ ह्रीं क्लीं डिग्री—”

“म्हणा,” लाडकी म्हणाली आणि आत गेली. तिने एकाच्या जागी दोन लिहिले. फलक एकदा मिचकला. उणे दोन.

“उतरला!” महाराजांनी दोन्ही हात वर केले. “जय हो! जय—”

लाडकीने दोनाच्या जागी एक लिहिले. पंचावन्न.

महाराजांचे हात वरच राहिले.

“म्हणत राहा, महाराज. का थांबलात?”

उणे दोन. चोपन्न. उणे दोन. मागे उभा असलेला पाड्यातला चिमण हसून हसून जमिनीवर बसला. “महाराज, तुमचा मंत्र खालीवर खालीवर करतोय, जरा ब्रेक लावा!”

लाडकीने आकडा दोनावर ठेवला, थंड खोलीतून ती काळी वायर ओढत आणली आणि पोलादी कांडी गजांमधून बाहेर काढली.

“काका, तुम्ही म्हणालात, डोळ्यांना काय सांगू. हाताला सांगा. मुठीत धरा.”

लडक्याने कांडी धरली. फलकावरचे उणे गेले, आकडा शून्यावरून चढत चढत चौतिसाला थांबला. मग सुकीआजीने धरली. चौतीस. मग रूपीने. चौतीस. चिमणच्या तापलेल्या मुठीत पस्तीस झाले, तर तो दचकला. बायकांनी त्याला चिडवून घेतले. शेवटी लाडकीने हात पुढे केला.

चौतीस.

“आता महाराज,” लडक्या म्हणाला. आवाज पोलीस पाटलाचा होता. सकाळी तो कुठे गेला होता कोण जाणे. “या, धरा.”

“माझ्या अंगात सिद्धी आहे. यंत्र फुटेल.”

“फुटू द्या. भरून देऊ.”

सगळ्यांच्या नजरांनी महाराजांचा हात पुढे ओढला. काळ्या चष्म्यामागे डोळे मिटले असावेत. फलकावर आकडा चढला आणि थांबला.

“चौतीस!” सुकीआजीने टाळी वाजवली. “अरे, हा तर आपल्यातलाच निघाला!”

*

उमेश सर सवारी जीपमधून उतरले, तेव्हा महाराजांना लडक्याने तालुक्याचे पोलीस ठाणे दाखवायला नेले होते. सरांनी सारे ऐकून घेतले आणि वहीतले ते पान उघडले.

“चूक माझी, लाडकी,” ते म्हणाले. “खण नंबरानं कधी शोधायचा नसतो, नावानं शोधायचा असतो. नंबर बदलतात, हे मला माहीत होतं. मी कंटाळा केला.” त्याच बैठकीत त्यांनी संगणकातली ती आज्ञेची ओळ बदलली. आता संगणक खण उघडल्यावर आधी चिठ्ठी वाचतो, नाव जुळले तरच तापमान फलकावर धाडतो.

रूपी उंबऱ्यात उभी होती. तिने कळशीतले पाणी पेल्यात ओतले आणि लाडकीपुढे धरले. लाडकी अर्धा पेला प्यायली. उरलेला रूपीने तिच्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या संपवला.

वाचकहो, देवीपुढे नम्र होणारे मस्तक आणि भोंदूपुढे झुकणारे मस्तक यांत फार मोठे अंतर आहे. विवळवेढ्याच्या गडावरची महालक्ष्मी शतकानुशतके नमस्कार घेते आहे. तिने कधी कोणा लेकीकडे बोट दाखवले नाही. बोट दाखवतात ती माणसे. उद्या तुमच्या गावातही कोणी आकडा दाखवील, अंगारा दाखवील, कौल दाखवील आणि मग एखाद्या बाईकडे पाहील. तुमच्या डोळ्यांनी ते तीनदा पाहिले असेल, तरीही घाई करू नका. आधी शांतपणे विचारा: हा आकडा कशाचा आहे? ती नसताना काय होते? तिच्या जागी दुसरी बसली, तर काय होते? एवढे तीन प्रश्न करंजपाड्याने सकाळी नऊला विचारले असते, तर एका बाईला आपल्याच हातांकडे संशयाने पाहत कोंडलेल्या खोलीत दिवस काढावा लागला नसता.

शीतगृहाच्या खिडकीत आता फलकाशेजारी तसलीच दुसरी एक कांडी बाहेर लोंबते. सरांनी तिला वेगळी वायर आणि वेगळा छोटा फलक जोडून दिला आहे. येणारे-जाणारे गंमत म्हणून ती मुठीत धरतात. आकडा चढतो, चौतिसाच्या आसपास थांबतो, आणि कोणाची मूठ आहे हे तो आजवर कधीही सांगू शकलेला नाही.